शेवंतीला अंधार हवा

२ सप्टेंबर

गच्ची बघून आले. बागेचं काम माझंच! बाईंनी दुसऱ्या कुणाला बोलावलंसुद्धा नव्हतं.

वरच्या मजल्यावरचा फ्लॅट. बैठकीच्या खोलीला लागून लांबट गच्ची, मधे काचेचं दार. ऊन सकाळपासून दुपार कलेपर्यंत. वारा बेताचा. पाणी निघून जायला उतार व्यवस्थित. एवढ्या छान जागेत आहे काय, तर एक मोडकी सायकल, कपडे वाळत घालायची दोरी आणि डब्यात मेलेली कोरफड. कोरफड मारून दाखवायला खरंच काहीतरी अंगी असावं लागतं!

घरात दोनच माणसं. बाई — माझ्याच वयाच्या असतील, कमी बोलतात — आणि त्यांचे सासरे. नवरा दुसऱ्या शहरात नोकरीला, अधूनमधून येतो. सासऱ्यांना त्या बाबा म्हणतात. बाबा खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडे बघत होते. मी नमस्कार केला तर म्हणाले, पुढे सरका, मागे जागा आहे. मला हसू आलं. बाई म्हणाल्या, ते रात्रीच्या बसवर कंडक्टर होते, सगळी नोकरी रात्रपाळीची. आता दोन वर्षं झाली, विसरायला लागलेत. मग माझं हसू जरा आवरलं.

हवंय काय ते त्यांनी दाराशी उभं राहून सांगितलं. ७ डिसेंबरला नवरा आणि नणंद दोघं येणार आहेत, बाबांचं काय करायचं ते ठरवायला. नणंदेनं एक वृद्धाश्रम बघून ठेवलाय. मागच्या खेपेला ती म्हणाली होती, बाबांना भिंतीकडे तोंड करून बसवलंय, हे काय जगणं आहे? तिकडे निदान बाग तरी आहे.

बाईंना त्यांना पाठवायचं नाहीये. "इथेच बाग झाली तर मग ती काय म्हणेल?" एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, काही म्हणायला तोंडच राहणार नाही त्यांना!

उगाच बोलले का? नाही. ही गच्ची मी करूनच दाखवणार.

५ सप्टेंबर

ठरलं. शेवंती. कठड्याच्या कडेनं मोठ्या कुंड्यांत उंच पिवळी, पुढे पसरट कुंड्यांत बुटकी पांढरी, कोपऱ्यात विटकरी. मधे बाबांची खुर्ची. डिसेंबरात दुसरं काय एवढं भरभरून फुलतं? झेंडू आहे, पण झेंडूनं गच्ची दुकानाच्या उद्घाटनासारखी दिसते.

घरी माझा नवरा म्हणाला, एवढा खटाटोप कशाला, आदल्या दिवशी फुललेल्या कुंड्या आणून ठेव की. नाकाला मिरच्याच झोंबल्या. आयत्या कुंड्या आणून ठेवायच्या तर मग मी कशाला, उस्ताद एकटा पुरे! उस्ताद म्हणजे आमचा टेम्पोवाला — कुंड्या उचलतो, माती कालवतो आणि माझ्या प्रत्येक गोष्टीला नावं ठेवतो. आयती फुलं पाहुण्यासारखी येतात आणि पाहुण्यासारखी जातात. रोप त्या जागेत वाढलं तर ते त्या घराचं दिसतं. हे नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, बरं. त्याचं ते "बरं" मला चांगलं माहीत आहे.

१४ सप्टेंबर

लागवड झाली. उस्तादनं जिन्यावर दोनदा कुंडी आपटली आणि दोन्ही वेळा जिन्यालाच शिव्या घातल्या. शेंडे खुडून घेतले, म्हणजे रोपं झुडपासारखी भरतील.

बाबा दिवसभर दारात उभे राहून बघत होते. शेवटी बाहेर आले, एका कुंडीपुढे थांबून म्हणाले, कुठं जायचंय? मी म्हटलं, डिसेंबरात. त्यांनी मान डोलावली. जणू रोजचाच मार्ग आहे.

बाई त्यांच्यामागे उभ्या होत्या. पहिल्यांदाच हसल्या.

२७ सप्टेंबर

पानं कशी तुकतुकीत! मावा नाही, कसलीच कीड नाही. एवढं सुरळीत चाललं की मला भीतीच वाटते.

६ ऑक्टोबर

कळी नाही.

एकही नाही. प्रत्येक फांदीचा शेंडा उलगडून बघितला. नुसती पानं. दाताच्या डॉक्टरांच्या दारात मीच लावलेली शेवंती त्याच रोपवाटिकेतली, त्याच आठवड्यातली — तिथे कळ्या मोहरीएवढ्या झाल्यात. इथे हिरवंगार रान!

खत जास्त झालं का? उस्ताद म्हणतो, तुमचाच हात सैल. मी त्याच्यावर ओरडले. मग घरी येऊन डबा बघितला. खत बरोबर होतं.

बाईंना काही बोलले नाही. त्यांनी विचारलं, सगळं ठीक ना? मी म्हटलं, अगदी.

८ ऑक्टोबर

आज दिवसभर दुसरं काम होतं म्हणून गच्चीवर दिवेलागणीला गेले. आणि बघते तर काय!

दाराच्या वर बल्ब. भला मोठा. गच्ची अशी लखलखत होती की खाली पडलेली सुई सापडावी. मी बाईंना विचारलं, हा कधी बंद करता? म्हणाल्या, करतच नाही. सकाळपर्यंत असतो.

मी तिथेच कठड्याला टेकून उभी राहिले. शेवंतीला कळी धरायला लांब, काळोखी रात्र लागते. रात्री उजेड मिळाला की तिला वाटतं अजून दिवस मोठेच आहेत. मग ती पानंच वाढवत बसते. हे मला कालपरवा कळलेलं नाही, पोटासाठी हेच करते मी. पण कुठलीही जागा बघायला मी सकाळी जाते. ऊन किती, वारा किती, पाणी कुठून — सगळं विचारते. रात्री इथे काय असतं, हे आजवर एकाही घरात विचारलेलं नाही.

बल्ब बाबांसाठी आहे. आयुष्यभर रात्रपाळी केलेला माणूस रात्री जागा होतोच. उठतात, दार उघडून गच्चीत एक फेरी मारतात, परत येऊन झोपतात. एकदा अंधार होता तेव्हा उंबरठ्याला अडखळून पडले. तेव्हापासून दिवा चालू. बाई म्हणाल्या, एवढी एक फेरी झाली की शांत झोपतात, नाहीतर पहाटेपर्यंत घरभर येरझाऱ्या. दिवा काही बंद करता येणार नाही, ताई.

मी तरी कुठल्या तोंडानं सांगणार बंद करा म्हणून? लहान बल्ब लावू म्हटलं, खाली लावू म्हटलं. पण लांबट गच्ची, उजेड सगळीकडे पोचतोच.

डिसेंबर काही थांबणार नाही.

१० ऑक्टोबर

काळी कापडं. जाड, दुहेरी. उजेड असतानाच कुंड्यांवर घालायची, सकाळी काढायची. शेवंतीला अंधार, बाबांना दिवा. फुलांच्या शेतीत करतातच हे. आज दिवसभर शिवत बसले. नवरा म्हणाला, आता तू कुंड्यांचे कपडेही शिवायला लागलीस. मी उत्तर दिलं नाही, कारण सुई दातात होती.

संध्याकाळी जाऊन झाकून आले. ओळीनं काळे आकार बसलेले — उस्ताद म्हणाला, चोरांची मीटिंग भरलीय. बाईंना कसं घालायचं ते दाखवलं. रोज त्या घालतील, रोज त्या काढतील. एक दिवसही चुकवायचा नाही असं बजावलं. जमेल, म्हणाल्या.

१७ ऑक्टोबर

सकाळी सहज डोकावले तर अर्ध्या कुंड्या उघड्या! कापडं नीट घडी घालून खुर्चीवर ठेवलेली.

मला वाटलं बाईंनी कंटाळा केला. भांडायच्या तयारीनंच आत गेले. त्या म्हणाल्या, मी नाही, बाबा. रात्री उठतात, गच्चीत जातात आणि कापडं काढतात. त्यांना वाटतं चादर गुंडाळून झोपलेले प्रवासी आहेत. एकेकाजवळ जाऊन हळू आवाजात सांगतात — उठा, तुमचं ठिकाण आलं. चादर काढून घडी करतात. म्हणे, नाही उठवलं तर पुढे जातील बिचारे.

किती दिवस? विचारलं. पहिल्या रात्रीपासून.

आणि मला सांगितलं नाही! म्हणाल्या, तुम्ही चिडाल म्हणून. चिडलेच! म्हणजे आठवडा पाण्यात. पहाटेआधीच उजेड मिळतोय, रोज! मी बरंच बोलले. बाबा आत चहा पीत होते, बशीत ओतून. माझा आवाज चढला तसे माझ्याकडे बघून म्हणाले, सुट्ट्या पैशांवरून भांडू नका, पुढच्या थांब्याला देतो.

मग मीच त्यांची बशी पुन्हा भरून दिली.

१९ ऑक्टोबर

दोन रात्री बाई स्वतः जाग्या राहिल्या. बाबांना हात धरून परत आणलं. त्यांनी हात झटकला, रडले. ड्यूटी करू देत नाही म्हणाले. बाईंचे डोळे आज खोल गेलेले.

मी हिशोब मांडला. आता अजिबात खंड न पडता अंधार मिळाला तर डिसेंबरात कसंबसं वेळेत फुलेल. अजून एक आठवडा गेला तर सात तारखेला हिरव्या कळ्या आणि नणंदबाईंची मुक्ताफळं.

मी म्हटलं, गच्चीच्या दाराला वर कडी लावू. खालची त्यांना उघडता येते, वरची येणार नाही. थोडे दिवस फक्त. कळ्या धरल्या की काढू.

बाईंनी दाराच्या वरच्या चौकटीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "ताई, दार लावायचंच असतं तर त्यांना तिकडेच पाठवलं असतं ना मी."

मी म्हटलं, तुम्हाला ते इथे राहायला हवेत की नकोत? फुलं नसतील तर तुमच्याकडे दाखवायला आहे काय? एवढं तोडून बोलायला नको होतं. पण खोटंही काही बोलले नाही.

उद्या सांगते म्हणाल्या.

नवऱ्याला सांगितलं. तो पुन्हा म्हणाला, आयत्या कुंड्या आण. मी म्हटलं, कळतंय का तुला काही? तो म्हणाला, मला फुलांतलं कळत नाही, म्हाताऱ्यातलं कळतं थोडं. आणि झोपला.

२० ऑक्टोबर

बाईंनी हो म्हटलं.

दुपारी आमच्या सुताराला घेऊन गेले. दहा मिनिटांचं काम. बाबा सुताराच्या शेजारी उभे राहून कौतुकानं बघत होते. स्क्रू खाली पडला तो त्यांनीच उचलून दिला.

२३ ऑक्टोबर

पहिल्या रात्री काच वाजवत राहिले म्हणे. गाडी थांबवा, गाडी थांबवा. दुसऱ्या रात्री कमी. काल नुसते दाराशी उभे होते.

बाई हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हत्या. पण कापडं जशीच्या तशी आहेत. अंधार मिळतोय!

३१ ऑक्टोबर

रात्री काही आवाज नाही म्हणतात. सवय झाली असेल.

असंच असावं.

५ नोव्हेंबर

बाईंचा फोन सकाळी लवकर. बाबा पडले.

रात्री त्यांनी स्वयंपाकघरातलं स्टूल ओढत आणलं, दारापाशी ठेवलं, वर चढले. कडीपर्यंत हात पोचला होता. कडी अर्धी सरकलेली होती म्हणे. डावं मनगट मोडलं. प्लास्टर. डोक्याला लागलं नाही, नशीब.

हॉस्पिटलमध्ये गेले. बाबा झोपलेले. बाई बाकावर बसलेल्या, पायांत घरातल्याच चपला. मी शेजारी बसले. त्याच म्हणाल्या, स्टूल मी नेहमी आत ठेवते, काल राहून गेलं.

स्टुलाचा दोष काढतायत! माझा नाही!

मला वाटलं होतं तिथेच म्हणावं, कडी माझी होती. म्हटलं नाही. पिशवीतून आणलेली फळं ठेवली आणि निघाले. घरी आल्यावर नवऱ्यानं काही विचारलं नाही, पाणी दिलं. त्यानं "मी म्हटलं होतं" म्हटलं असतं तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं.

६ नोव्हेंबर

सुताराला न बोलावता स्वतः जाऊन कडी काढली. स्क्रू इतके घट्ट बसलेले की हाताला फोड आले.

दारावर भोकं राहिली. ती बुजवायला लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची होती, माझ्याकडे नव्हती. उद्या आणते म्हटलं.

९ नोव्हेंबर

कळ्या.

सगळ्या शेंड्यांना. हिरव्या, घट्ट, बारीक. हेच दिसावं म्हणून महिनाभर जीव टांगणीला लागला होता. आज बघितल्या आणि काहीसुद्धा वाटलं नाही.

बाबा आता रात्री उठत नाहीत. गोळ्यांनी गुंगी असते. दार उघडं आहे, दिवा चालू आहे, कापडं जागच्या जागी. उठवायला कुणी नाही.

२१ नोव्हेंबर

कापडं काढली, आता गरज नाही. पिवळ्याचा रंग दिसायला लागला. बाबांना बाहेर खुर्चीत बसवलं. प्लास्टरचा हात मांडीवर. कुंड्यांकडे बघतात पण बोलत नाहीत. मी मुद्दाम म्हटलं, बाबा, पुढे सरकू का? त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही.

बाईंनी सांगितलं, जेवण कमी झालंय. नणंदेला फोनवर हाताचं सांगितलं का? विचारलं. नाही म्हणाल्या. आल्यावर बघू.

प्लास्टर तोवर निघणार नाही, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही.

२ डिसेंबर

डोकं भणभणतंय. आज रोपवाटिकेत गेले होते, दुसऱ्याच कामाला. तिथे फुललेल्या शेवंतीच्या कुंड्याच कुंड्या. येईल त्या माणसाला मिळतील अशा. मी बघत उभी राहिले. रोपवाटिकेवाला म्हणाला, यंदा उचलच नाही, घेऊन जा वाटेल तेवढ्या.

एक टेम्पो भरून आणता आला असता. सहा तारखेला. उस्तादनं शिव्या देत वर चढवल्या असत्या. सात तारखेला गच्ची हुबेहूब अशीच दिसली असती. ना कापडं, ना कडी. बाबा रोज रात्री एक फेरी मारून झोपले असते.

माझ्या हातची फुलं हवी होती मला. मला! नणंदेला काय कळणार होतं कुणाच्या हातची ते? बाबांना काय फरक पडणार होता? डोक्यात भूत शिरलं होतं माझ्या, दुसरं काय.

६ डिसेंबर

उद्या.

गच्ची — काय सांगू. कठड्यावरून पिवळं नुसतं ओसंडतंय. पांढरी तर पान दिसू देत नाही. वाळकी पानं काढली, कुंड्या पुसल्या, फरशी धुतली. आजवर केलेलं सगळ्यात चांगलं काम. उस्तादसुद्धा गप्प बसून बघत होता.

दारावरची भोकं तशीच आहेत. लांबी आणायची रोज विसरते.

७ डिसेंबर

सकाळी शेवटचं पाणी घालायला गेले होते. ते येण्याआधी निघायचं होतं. पण तेच लवकर आले.

नणंद — मी मनात कोण जाणे काय चितारली होती. साधी बाई. बाबांसाठी मऊ लोकरीचा स्वेटर आणलेला. दारातून गच्ची दिसली आणि तिथेच उभी राहिली. "अगं बाई, किती सुंदर केलंय!" खरंच म्हणाली. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. बाईंच्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, झालं! जमलं!

मग स्वेटर घालायला बाबांवरची शाल काढली. प्लास्टर.

बाई म्हणाल्या, घरात पडले. कसे पडले? घसरून. बाईंचा नवरा म्हणाला, मला कळवलं नाहीस? बाईंनी शाल उचलून घडी घातली. आणि मग बाबा बोलले. इतक्या दिवसांत इतकं स्वच्छ बोलले नव्हते.

"दार बंद होतं. माणसं बाहेर बसलेली, उतरायचं होतं त्यांना."

नणंदेनं दाराकडे बघितलं. वर. भोकं. कुणी काही सांगायची गरजच नव्हती. ती सावकाश म्हणाली, "वहिनी, तू बाबांना कोंडत होतीस?"

बाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझं नाव घ्यायला एक क्षण पुरला असता. घेतलं नाही. आणि मी झारी हातात धरून उभी! तोंडाला कुलूप! नवऱ्याला काय करावं कळेना, तर त्यानं मला विचारलं, ह्याला खत कुठलं घालता? आणि मी सांगितलं. खताचं नाव सांगितलं मी त्याला.

झारी ठेवून निघून आले.

८ डिसेंबर

ठरलं. बाबा जाणार. रविवारी, चौदा तारखेला. बाईंनी चार शब्दांचा निरोप पाठवला. खाली लिहिलं होतं, फुलं छान आहेत.

९ डिसेंबर

नणंदेला फोन केला. नंबर तिनंच घेतला होता — तिच्या घरची बाल्कनी करून द्याल का म्हणून! सगळं सांगितलं. कडी मी सुचवली, सुतार मी नेला, त्या नको म्हणत होत्या, मी भरीस घातलं. कळ्यांसाठी. एका दमात बोलले.

ती शांतपणे ऐकत होती. रागावली नाही. म्हणाली, तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत, पण तुम्हाला कशाला दोष देऊ? तुमचं काम फुलांचं, तुम्ही फुलांचं बघितलंत. बाबांचं बघायचं काम वहिनीचं होतं. बाहेरचं कुणी सांगतं म्हणून ती कडी लावते, म्हणजेच तिच्यानं आता होत नाही. एकटीनं दिवसरात्र किती करणार? तीही माणूसच आहे. तिच्याही भल्याचंच आहे हे.

म्हणजे मी सांगायला गेले आणि उलट तिचाच मुद्दा पक्का करून आले. फोन ठेवल्यावर रडले. स्वयंपाकघरात, नळ सोडून.

११ डिसेंबर

बाईंकडे गेले. काय तोंड दाखवू म्हणून दोन दिवस टाळलं होतं.

त्या बाबांच्या कपड्यांवर नाव शिवत होत्या. तिकडे तसा नियम आहे — सगळ्यांचे कपडे एकत्र धुतात, म्हणून प्रत्येकावर नाव हवं. सदरे, पायजमे, मोजे, नवा स्वेटर. कॉलरच्या आत बारीक अक्षरांत. मीही सुई घेतली. मोज्यांवर नाव शिवणं फार अवघड आहे.

मी माफी मागितली. पहिल्यांदाच, सरळ. म्हटलं, कडी मी सांगितली.

"सांगितली तुम्ही. लावली मी," त्या म्हणाल्या. "मला नाही म्हणता येत होतं."

आवाजात राग नव्हता. मी फोनचंही सांगितलं. कळलं मला, म्हणाल्या. मग मी विचारलं, तुमचे मिस्टर काय म्हणतात, त्यांना समजवता येणार नाही का? तर म्हणाल्या, ते बहिणीच्या शब्दाबाहेर नाहीत, आणि त्यांना तरी काय, दोन महिन्यांतून दोन दिवस येणार. बाबा शेजारी बसून आम्हा दोघींचं शिवण बघत होते. एकदा नाव वाचलं मोठ्यानं, स्वतःचंच, आणि हा कोण म्हणून विचारलं. बाई म्हणाल्या, आपलेच आहेत.

बाहेर शेवंती अगदी भरात. दार उघडंच होतं. कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं.

१२ डिसेंबर

झोप नाही. कामात लक्ष नाही. दाताच्या डॉक्टरांच्या कुंड्यांना दोनदा पाणी घातलं.

नवरा म्हणाला, अगं, तू एकटीनं ही सगळी वेळ आणलेली नाहीस. मी म्हटलं, माहीत आहे. पण माझा वाटा माझाच ना. यावर तो "बरं" म्हणाला नाही. जवळ बसून राहिला.

१३ डिसेंबर

सकाळी बाईंचा फोन. आज तुमचा टेम्पो मोकळा आहे का, ताई?

उद्या बाबा गेले की त्यांना कुंड्या बघवणार नाहीत, परत न्यायला सांगत असतील, असं वाटलं. मी म्हटलं, आहे मोकळा, किती कुंड्या काढायच्यात तेवढं सांगा, म्हणजे उस्तादबरोबर अजून एक माणूस आणते.

"कुंड्या राहू द्या. माझ्या आईचं घर बंद पडलंय, तळमजल्यावरचं, तिकडे जायचंय. दोन बॅगा आहेत, खुर्ची आहे, आणि मी आणि बाबा."

उस्तादला फोन केला. निघालोय.